मंगळावरचे मोजणीदार

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज पहाटे दोन प्रकारचे संदेश पडतात. पहिला प्रकार सगळ्यांना ठाऊक आहे. गुलाब, त्यावर दवाचा थेंब आणि खाली सुविचार. दुसरा प्रकार नानांचा. त्यात गुलाब नाही, सुविचार नाही, ‘शुभ सकाळ’सुद्धा नाही. नुसता फोटो. करड्या जागेवर काळ्या रेघोट्यांचा गुंता, नाहीतर एकीमागे एक लागलेल्या चंद्रकोरी, नाहीतर नुसते ठिपके. खाली एक अक्षर नसतं. विचारल्याशिवाय सांगायचं नाही, हा नानांचा बाणा.

आणि कोणीतरी विचारतंच. “कोणाचा एक्स-रे?” असा बी विंगमधून प्रश्न येतो. तळमजल्यावरच्या आजी प्रश्नात वेळ घालवत नाहीत. त्या थेट ‘काळजी घ्या, लवकर बरे व्हा’ लिहून मोकळ्या होतात. एकदा तर वरच्या मजल्यावरच्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी अगदी सौजन्याने कळवलं होतं, ‘खाजवू नका, संध्याकाळी दाखवायला या.’ नाना या क्षणाची वाट बघत चहा पीत बसलेले असतात. मग एका बोटाने सावकाश टाइप करतात, ‘मंगळ. वावटळीच्या खुणा.’ आणि फोन उपडा घालून अंघोळीला जातात. त्या रेघोट्या म्हणजे वावटळींनी वरची फिकट धूळ उचलून नेल्यावर उघडी पडलेली खालची काळसर जमीन, हे ज्याला ऐकायचं असेल त्याने नानांच्या घरी यायचं. येताना घाईत यायचं नाही.

नानांना खगोलप्रेमी समजण्याची गल्लत बरेच जण करतात. आकाशदर्शनवाले वेगळे. ते अमावस्येला दुर्बीण घेऊन माळावर जातात, थंडीत कुडकुडतात आणि शनीची कडी दिसली की ‘आहाहा’ म्हणतात. नानांना आकाशात काडीचा रस नाही. त्यांना जमिनीत रस आहे. ती जमीन मंगळावर आहे, हा योगायोग.

पत्रिका घेऊन येणाऱ्यांना हे माहीत नसतं. एकदा काकूंच्या चुलतबहिणीने भाचीच्या स्थळाचा विषय काढला आणि आवाज खाली आणून म्हणाली, “सगळं छान आहे हो, पण मुलीला मंगळ आहे.” नानांनी वर्तमानपत्र खाली घेतलं. “कुठला? उत्तरेचा की दक्षिणेचा?” बाई गोंधळल्या. “उत्तरेचा असेल तर हरकत नाही. तिकडे सखल आणि सपाट आहे. दक्षिणेचा नको, तिकडे उंचवटा आणि खड्डेच खड्डे.” भूगोल तंतोतंत बरोबर होता. स्थळ मात्र काकूंना नंतर फोन करून सांभाळून घ्यावं लागलं.

नाना भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होते. सगळी हयात साखळी ओढण्यात, प्लेन टेबल मांडण्यात आणि गवतात हरवलेले हद्दीचे दगड हुडकण्यात गेली. दोन भावांत बांधावरून लागलं की मोजणीचा अर्ज पडायचा आणि नाना एस.टी.ने जाऊन उभे राहायचे. मोजणी संपली की एक भाऊ चहा सांगायचा आणि दुसरा कुऱ्हाड शोधायचा. कोण काय करणार, ते साखळी कुठे पडते त्यावर ठरायचं. “आयुष्यभर जमीन मोजली, पण जमीन बघितलीच नाही रे,” नाना म्हणतात. “माणसांवरच लक्ष ठेवावं लागायचं. कोण कुठून येतोय, हातात काय आहे.”

मंगळावर लगतचा कब्जेदार नाही. पोटहिस्सा नाही, कूळ नाही, वारसनोंद नाही, दर पावसाळ्यात वीतभर बांध कोरणारा चुलता नाही. आणि जमीन किती म्हणाल, तर पृथ्वीवरचे समुद्र वगळून जेवढी कोरडी जमीन उरते, जवळपास तेवढीच. “सगळी एकगठ्ठा,” नाना म्हणतात, “आणि सातबारा कोरा.” हे म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर जे सुख पसरतं, ते पेन्शनच्या दिवशीही दिसत नाही.

त्यांच्याकडे गेलं की एक विधी ठरलेला आहे. आधी चहा. मग आतून टॅब्लेट येतो. त्याची काच कोपऱ्यात तडकलेली आहे आणि तिथे चिकटपट्टी आहे. चष्म्याच्या कापडाने काच पुसली जाते, आधी उभी, मग आडवी. मग फोटो समोर धरून नाना विचारतात, “हे काय आहे?”

“टेकडी,” पाहुणा म्हणतो. सगळेच म्हणतात. छान गोल, फुगीर टेकडी असते.

“ऊन कुठून येतंय?”

पाहुण्याला हा प्रश्न अपेक्षित नसतो. तो खिडकीकडे बघतो. नाना टॅब्लेट दोन्ही हातांत धरून स्टिअरिंग फिरवल्यागत अर्धा गरकन फिरवतात, आणि टेकडीचा खड्डा होतो. फोटो तोच, सावल्या त्याच. पण मघा वर आलेलं आता खोल गेलेलं असतं. पाहुणा दचकतो. नाना पुन्हा फिरवतात, खड्ड्याची टेकडी. पुन्हा खड्डा. चहा निवतो.

कारण साधं आहे. ऊन वरून येतं हे आपल्या डोळ्यांनी जन्मापासून गृहीत धरलेलं असतं. वरून खाली बघत काढलेल्या फोटोत उन्हाची बाजू वेगळी असली की डोळा फसतो आणि खड्डे फुगवतो. नानांचे बहुतेक फोटो मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटर या यानाचे असतात. ऑगस्ट २००५मध्ये ते सुटलं, मार्च २००६मध्ये मंगळाशी पोहोचलं. त्याची कक्षा अशी बांधली आहे की ते उजेडाच्या बाजूने जाताना खालच्या जमिनीवर कायम दुपारचे तीनच्या आसपास वाजलेले असतात. म्हणजे सूर्य पश्चिमेला कललेला, सावल्या लांब आणि उठाव स्पष्ट. उत्तर वर ठेवली की ऊन डावीकडून. हे एकदा मनात पक्कं केलं की खड्डा खड्डाच दिसतो. पुण्यात ज्या वेळेला कोणाच्या दाराची बेल वाजवायची नसते, नेमक्या त्या वेळेला हे यान मंगळावरच्या गल्लीबोळांत डोकावून येतं, याची नानांना फार गंमत वाटते.

‘ऊन कुठून येतंय?’ हा प्रश्न मग मंगळापुरता राहिला नाही. भाचीसाठी आलेला मुलाचा फोटो बघून नानांनी तोच विचारला. नव्या गृहप्रकल्पाच्या गुळगुळीत माहितीपत्रकातल्या तलावाला तोच विचारला. वार्षिक सभेत सेक्रेटरींनी दुरुस्ती निधीचा हिशेब मांडला आणि ‘भरघोस शिल्लक’ असे शब्द उच्चारले, तेव्हा मागच्या रांगेतून धीम्या आवाजात तोच प्रश्न आला. सेक्रेटरी वैतागले, पण कागद खजिनदारांनी हातात घेतला, जरा फिरवून बघितला, आणि पुढच्या वर्षीची आगाऊ वर्गणी यंदाच्या जमेत धरल्याचं निघालं. टेकडी नव्हती, खड्डाच होता. त्या दिवसापासून सेक्रेटरी नानांना नमस्कार करतात, पण लांबून.

त्या यानावरच्या ज्या कॅमेऱ्यावर नानांचा जीव आहे, त्याचं नाव हायराइज. यामुळेही घोटाळे झाले आहेत. “हायराइजचं नवीन काय आलंय ते बघितलंत का?” असं नाना लिफ्टमध्ये म्हणाले, तेव्हा संध्याकाळपर्यंत पुनर्विकास समितीची तातडीची बैठक भरली होती.

हा कॅमेरा म्हणजे अर्ध्या मीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीण. अडीचशे-तीनशे किलोमीटर उंचीवरून तो सहा किलोमीटर रुंदीचा पट्टा टिपतो, आणि त्या फोटोतला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे पंचवीस-तीस सेंटिमीटर. म्हणजे मीटरभराचा धोंडा ओळखू येतो. फोटो काढतो म्हणणंही तितकंसं खरं नाही. यान सेकंदाला सुमारे साडेतीन किलोमीटर वेगाने पुढे जात असतं आणि कॅमेरा खालची जमीन एकेक ओळ करत वाचत जातो. एका ओळीला सेकंदाचा दहा हजारावा भागही धड मिळत नाही. इतक्या वेळात उजेड तो किती मिळणार? म्हणून त्याच जागेचा उजेड जास्तीत जास्त १२८ वेळा गोळा करून त्याची बेरीज करायची सोय आहे. “आम्ही एका गटाला दोन दिवस घ्यायचो,” नाना म्हणतात, “आणि तरी शेतकरी म्हणायचा, साहेब, परत एकदा धरा साखळी.” एवढं करूनही या कॅमेऱ्याची नव्वद टक्क्यांहून जास्त मंगळाची मोजणी अजून बाकी आहे, हे सांगताना नानांना वाईट वाटत नाही. उलट बरं वाटतं. खात्यातल्या माणसाला बाकी कामाचा आधार असतो.

रंगांची भानगड मात्र घरात गाजली. पट्ट्याच्या मधल्या सुमारे सव्वा किलोमीटरमध्येच रंग मिळतो, आणि तोही आपल्या डोळ्यांचा रंग नव्हे. आपल्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश त्यात एक रंग म्हणून धरतात, आणि बाकीचे ओळीने सरकतात. त्यामुळे मंगळावरची काळी वाळू फोटोत निळीशार दिसते. असा एक फोटो बघून काकू प्रथमच खुर्ची ओढून बसल्या. तांबूस जमिनीवर निळ्या वाळूच्या लाटा होत्या. “अहो, हा रंग किती सुंदर आहे. अशी पैठणी मिळेल का?”

“हा रंग खरा नाही,” नाना म्हणाले. “वेगवेगळे खडक वेगळे कळावेत म्हणून रंग चढवलेले असतात.”

“रंग खोटा चालेल. साडी खरी आणा.”

साडी आली. नानांनी दुकानदारालाही ट्यूबलाइटखालून काढून दारात, उन्हात आणून दाखवायला लावली, असं काकू सांगतात. त्यामुळे ती निघालीही चांगली.

नानांच्या दोन पोथ्या आहेत आणि त्यांचं पारायण कोणत्याही निमित्ताने होऊ शकतं. पहिली १९६५ची. मरिनर-४ हे यान जुलैमध्ये मंगळाजवळून नुसतं निघून गेलं आणि जाता जाता त्याने बावीस फोटो टिपले. फोटो कसले, आकडे. दोनशे ठिपके आडवे, दोनशे उभे, आणि प्रत्येक ठिपक्याच्या उजेडाला एक आकडा. एकेक फोटो पृथ्वीवर पोहोचायला आठ तासांहून जास्त लागले. संगणक त्या आकड्यांचं चित्र करेपर्यंत पासाडेनाच्या प्रयोगशाळेतल्या मंडळींना दम निघेना. त्यांनी आकड्यांच्या छापील पट्ट्या भिंतीवर शेजारी शेजारी लावल्या, रंगीत खडू आणले, आणि कोणत्या आकड्याला कोणता रंग ते ठरवून हाताने रंगवत बसले. दुसऱ्या ग्रहाचं यानाने जवळून घेतलेलं पहिलं चित्र असं खडूने उमटलं. ते चौकटीत घालून जपून ठेवलेलं आहे. “याला म्हणतात मोजणीदार!” असं म्हणून नाना मांडीवर थाप मारतात. नातू सुट्टीत आला की त्यालाही चौकोनांचा कागद आणि खडू मिळतात. नातवाला त्यात डायनोसोर काढायचा असतो. मग दोघांचं फाटतं.

दुसरी पोथी १९७१ची, आणि ती नानांना जास्त प्रिय आहे. नोव्हेंबरमध्ये मरिनर-९ मंगळाभोवती फिरू लागलं. दुसऱ्या एखाद्या ग्रहाभोवती कक्षेत गेलेलं हे पहिलं यान. सगळे फोटोंकडे डोळे लावून बसले, आणि फोटोत काहीच नाही. अख्ख्या ग्रहावर धुळीचं वादळ उठलेलं. नुसतं चार ठिकाणी काळसर काहीतरी डोकं वर काढून होतं. मरिनरच्या माणसांनी घाई केली नाही. यानाला थांबायला सांगितलं. मागोमाग सोव्हिएत संघाची दोन यानं आली. त्यांचा कार्यक्रम आधीच ठरवून भरलेला होता, तो बदलता येईना. त्यांनी इमानेइतबारे धुळीचे फोटो काढले. जानेवारी १९७२च्या सुमाराला धूळ खाली बसली, आणि ती चार काळसर टोकं म्हणजे ज्वालामुखींचे माथे निघाले. त्यातला सर्वांत मोठा ऑलिंपस मॉन्स. उंची सुमारे २२ किलोमीटर, पायथा सुमारे ६०० किलोमीटर रुंद. पुढे सुमारे चार हजार किलोमीटर लांबीची दरी दिसली, तिला यानाचंच नाव दिलं, व्हॅलीस मरिनेरिस. सात हजारांवर फोटो आले.

ही गोष्ट संपली की नाना तात्पर्य सांगतात, “धूळ बसू द्यावी.” हे त्यांचं दुसरं लाडकं वाक्य. सून आणि काकूंची डब्यावरून कुरबुर झाली, धूळ बसू द्या. शेअर बाजार कोसळला, धूळ बसू द्या. पार्किंगच्या पांढऱ्या पट्ट्यांवरून ए आणि बी विंगमध्ये जुंपली तेव्हाही नानांनी हाच सल्ला दिला, आणि सगळ्यांनी तो मानला. ती धूळ अजून बसलेली नाही. पट्ट्या मात्र पार पुसल्या गेल्या आहेत, त्यामुळे भांडायला काही उरलेलं नाही. नाना याला यश समजतात.

इतका शांत माणूस फक्त एका गोष्टीने पेटतो. ‘मंगळावर मानवी चेहरा! नासाने लपवलेलं सत्य!’ हा फॉरवर्ड वर्षातून दोन-तीनदा येतोच. त्या दिवशी काकू आधीच बीपीची गोळी काढून ठेवतात. “लपवलंय?” नाना गरजतात. “१९७६ साली त्यांनीच छापून वाटलाय तो फोटो!” आणि ते खरं आहे. व्हायकिंग-१च्या कक्षेतल्या यानाने जुलै १९७६मध्ये सायडोनिया भागातली एक टेकडी टिपली. ऊन तिरपं होतं, अर्धी टेकडी सावलीत होती. फोटो पृथ्वीवर येताना काही ठिपके गळाले आणि तिथे काळे डाग पडले, त्यातला एक नेमका नाकपुडीच्या जागी. गंमत म्हणून चेहरा असं लिहून फोटो प्रसिद्ध झाला, आणि लोकांनी गंमत सोडून चेहरा तेवढा धरला. १९९८मध्ये आणि पुन्हा २००१मध्ये मार्स ग्लोबल सर्व्हेयरने तीच जागा कितीतरी बारकाईने टिपली. सपाट माथ्याची, झिजलेली टेकडी. ना नाक, ना डोळे.

हे सगळं नाना ग्रुपवर लिहितात. पुराव्याचे फोटो जोडतात. त्यावर फॉरवर्ड करणाऱ्याचं उत्तर येतं, ‘मी फक्त आलेलं पाठवलं.’

काकूंचं वेगळंच. त्यांना फोटोत चेहरे नाही, देव दिसतात. कुठल्याही घळीत गणपती, कुठल्याही कड्यावर मारुती. नानांनी प्रतिवाद करून बघितला, शेवटी सोडून दिला. “बाकी काही नाही,” ते मला हळूच म्हणाले, “हिला गणपती दिसला की ही फोटो नीट बघते. नाहीतर बघत नाही.” दक्षिण ध्रुवाजवळच्या गोठलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या थराला पडलेली गोल गोल भोकं बघून काकू म्हणाल्या होत्या, “बाई, धिरड्याला जाळी काय सुरेख पडलीय!” नानांनी कधी नव्हे ते वाद घातला नाही. तिथला बर्फ उन्हाने थेट वायू होऊन उडून जातो आणि भोकं दरवर्षी काही मीटरनी रुंदावतात, एवढी भर घातली. त्यांच्यात याला कौतुक म्हणतात.

नाना मूळचे भोरचे. मंगळावर भोर नावाचं विवर आहे, हे त्यांना कळलं त्या दिवशी आम्हा सगळ्यांना पेढे मिळाले. मंगळावरच्या लहान विवरांना जगातल्या लहान गावांची नावं द्यायची, असा आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाचा रिवाज आहे. मोठी विवरं मरण पावलेल्या शास्त्रज्ञांच्या वाट्याला जातात. लोणार नावाचंही विवर तिथे आहे, आणि ते आपल्या बुलढाण्याच्या लोणारपेक्षा बरंच मोठं आहे. आपलं लोणार बेसाल्टच्या खडकात उल्का आदळून झालेलं, म्हणून मंगळाचा अभ्यास करणारे तिथे येऊन दगड तपासतात. तेव्हा हे नातं मानाचंच. आणि पुणंही आहे. ‘पूना’ असं, इंग्रजांच्या वेळचं नाव लावून. व्यास सुमारे वीस किलोमीटर.

हे नाना अभिमानाने सांगत होते, तेव्हा त्यांचे नागपूरचे व्याही शेजारी बसले होते. “लहान गावांची नावं देतात म्हणता ना?” त्यांनी विचारलं. “हो.” “मग बरोबर आहे.” नानांनी विषय बदलला. महापालिकेचे रस्ते बघता पुण्याचं नाव खड्ड्याला देणाऱ्याची दूरदृष्टी मानली पाहिजे, असं व्याही जिना उतरताना मला म्हणाले. ते मी नानांपर्यंत पोहोचवलेलं नाही.

तरुण मंडळी कधी विचारतात, “नाना, आपल्या मंगळयानाचं काय?” तेव्हा ते आधी सरळ बसतात. २४ सप्टेंबर २०१४ची सकाळ ते टीव्हीसमोर आंघोळ न करता बसून होते, ही घरातली नोंद आहे. मंगळयानाचा कॅमेरा खडे मोजणारा नव्हता. पण त्याची कक्षा लांबट होती. जवळ असताना चारशे-सव्वाचारशे किलोमीटरवर, आणि दूर जाताना सत्त्याहत्तर हजारांच्या आसपास. त्यामुळे दुरून अख्खा मंगळ एका चौकटीत मावायचा, ध्रुवाची पांढरी टोपी आणि पसरत चाललेलं धुळीचं वादळ यांच्यासकट. “गटाचा नकाशा वेगळा आणि गावाचा नकाशा वेगळा,” नाना समजावतात. “नुसत्या गटाच्या नकाशावर काम करणारा माणूस एक दिवस शेजारच्या गावात मोजणी करून येतो.” कोण आला होता ते ते सांगत नाहीत. एप्रिल २०२२मध्ये मंगळयानाशी संपर्क तुटला. ते सहा महिन्यांसाठी गेलं होतं, साडेसात वर्षं टिकलं. “सेवानिवृत्तीनंतरही कामावर येत होतं,” असं नाना म्हणतात.

एक गोष्ट मात्र ते पाहुण्यांना सांगत नाहीत. घरचं माणूस असेल तरच सांगतात. २५ डिसेंबर २००३ला बीगल-२ नावाचं ब्रिटिश यान मंगळावर उतरायचं होतं. त्याचा आवाजच आला नाही. ते उतरलं की आपटलं, कुठे गेलं, कोणालाच कळेना. ज्यांनी ते बनवलं त्या कॉलिन पिलिंजर यांचं २०१४मध्ये निधन झालं. आणि जानेवारी २०१५मध्ये जाहीर झालं की ते सापडलं. हायराइजच्या फोटोंत, ठरलेल्या भागातच, चकाकणारे मोजके ठिपके. उतरताना फुटलं नव्हतं. उतरल्यावर त्याच्या सौर पट्ट्या पूर्ण उघडल्या नाहीत, त्यामुळे अँटेना दबलेली राहिली आणि बोलता आलं नाही, असं दिसतं.

नाना टॅब्लेटवर तो फोटो काढतात आणि चार बोटं रुंद जागा दाखवतात. तिथे फिकट ठिपक्यांपलीकडे मला काही दिसत नाही. “म्हातारा गेला बिचारा,” ते म्हणतात. “आपलं यान नीट उतरलं होतं, हे त्याला कळायला हवं होतं.” मग आपला एक किस्सा सांगतात. कुठल्याशा वाडीत हद्दीचा दगड पन्नास वर्षं कोणाला सापडत नव्हता, दोन पिढ्या कोर्टात गेल्या होत्या, आणि नानांना तो विहिरीच्या पायरीत बसवलेला सापडला. “वस्तू जागेवरच असते,” ते म्हणतात. “बघणारा पोहोचायला उशीर होतो.”

हायराइजच्या मंडळींनी २०१० सालापासून लोकांसाठी एक सोय ठेवली आहे. मंगळावरची कोणतीही जागा निवडायची, तिथला फोटो का हवा ते लिहायचं आणि पाठवायचं. पटलं आणि यानाला जमलं तर ते कधीतरी काढतात. नानांना हे कळलं तेव्हा त्यांच्यातला सरकारी माणूस जागा झाला. अर्ज! त्यांनी आधी मराठीत मसुदा केला. ‘विषय : दक्षिण गोलार्धातील विवराच्या काठावरील घळीची मोजणी होणेबाबत.’ खाली ‘महोदय’. खाली कारणं, अ, ब, क अशी. शेवटी ‘तरी मेहेरबान होऊन’. नातवाने त्याचं इंग्रजी केलं आणि ‘मेहेरबान’ गाळलं, यावरून दोन दिवस अबोला होता.

मग सुरू झालं ते वाट बघणं. नाना रोज सकाळी स्थिती तपासायचे. काकू विचारायच्या, “आलं का तुमचं बोलावणं?” स्मरणपत्र पाठवायची सोय नाही, हे नानांना पटेचना. खात्यात तिसऱ्या स्मरणपत्राशिवाय फाईल हलत नाही, हा त्यांचा अनुभव. वर्षं गेली. आम्ही चौकशी करणंही सोडलं.

आणि गेल्या पावसाळ्यात फोटो आला. नानांनी फोन केला नाही, ते स्वतः खाली उतरून माझ्या दारात आले. दुपारच्या वेळेला, बेल वाजवून. टॅब्लेट छातीशी धरलेला. मी बघितलं. सहा किलोमीटरचा पट्टा होता खरा, पण नानांची घळ त्याच्या अगदी काठाशी आली होती. अर्धी आत, अर्धी बाहेर. काकू मागून आल्याच होत्या. “एवढी वर्षं थांबलात, आणि अर्धीच दिली?”

मला वाटलं, आता नाना हिरमुसणार. नानांनी फोटो एकदा डावीकडून बघितला, एकदा उजवीकडून. मग खिशातून पेन काढलं.

“उरलेली अर्धी शेजारच्या गटात जाते,” ते म्हणाले. “त्याचा अर्ज वेगळा करावा लागेल. तुझ्याकडे कोरा कागद आहे का?”